शेवंतीच्या वाट्याचा अंधार

गेल्या दिवाळीत गावी पोचले तर आईने पिशव्यासुद्धा खाली ठेवू दिल्या नाहीत. "आधी इकडं ये, तुला दाखवायचंय," म्हणत तिने मला थेट कुंपणापाशी नेलं. घरापुढच्या कुंपणाला लागून तिची शेवंतीची ओळ आहे. गावठी, पिवळी, फार मोठी नाही. दसरा ओलांडला की ही ओळ उघडायला लागते आणि लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे फुलं विकत आणावी लागत नाहीत. यंदा मात्र गोठ्याकडची अर्धी ओळ फुलांच्या भाराने वाकलेली होती आणि फाटकाकडची अर्धी नुसती हिरवी होती. ती रोपं आजारी नव्हती. उलट जास्तच उंच, जाड काडीची, रुंद काळपट पानांची. मी पानं उलटून बघितली. मावा नाही, करपा नाही, नागअळीच्या रेघोट्या नाहीत. शेंडे चिमटीत धरून पाहिले तर आत कळीचा बारीकसा गोळाही लागेना, नुसती कोवळी पानंच पानं. "शेणखत एकाच पाटीतलं, पाणी एकाच नळीचं," आई म्हणाली. "ह्यांनाच काय झालंय कळंना." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. घरातलं एखादं पोर जेवत नसलं की तिचा आवाज तसा होतो.

त्या रात्री जेवून हात धुवायला बाहेर आले. पावसाळ्याच्या तोंडावर फाटकासमोरच्या खांबावर नवा एलईडी दिवा बसला होता, त्याचा पांढरा उजेड अंगणात आडवा पडला होता. फाटकापासून निम्म्या कुंपणापर्यंत पानाची शीर न् शीर दिसावी इतका लख्ख. पुढे आमची सिमेंटची पाण्याची टाकी मध्ये येते आणि तिची सावली गोठ्यापर्यंत जाते.

सावली जिथे सुरू होत होती, तिथूनच फुलंही सुरू होत होती.

शेवंती रात्र मोजते, हे मी शाळेच्या पुस्तकात कधीतरी वाचलं होतं. 'लघुदिन वनस्पती' असा शब्द होता, परीक्षेपुरता पाठ केलेला. तो आपल्याच अंगणात असा आखून दिलेला दिसेल असं कधी वाटलं नव्हतं. दिवस लहान आणि रात्री मोठ्या व्हायला लागल्या की शेवंती पानं काढायचं थांबवते आणि कळी धरते. आपल्याकडे हा फरक फार मोठाही नसतो. पुण्याच्या आसपास जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान अकराचा. सगळा मिळून दोन-सव्वादोन तासांचा खेळ, आणि तोही सहा महिन्यांत पसरलेला. श्रावणापासून रात्र रोज मिनिट-अर्ध्या मिनिटाने वाढत जाते. आपल्याला ते जाणवत नाही. स्वेटर बाहेर काढायची वेळ आली की आपण म्हणतो, दिवस लहान झाले. शेवंतीला ते कधीच कळलेलं असतं. आणि ती मोजणी करते ती पानांनी. शेंड्यावर कळी येते, पण रात्र किती लांब होती हे ठरवतात खालची पानं.

हे ज्या झाडांवर नीट दाखवलं गेलं त्यांत शेवंतीही आहे. त्याआधी १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवरून सिद्ध केलं होतं की काही झाडांचा फुलोरा दिवसाच्या लांबीवर ठरतो. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता. उन्हाळ्यात तो माणसाच्या डोक्यावर जाई पण फुलतच नसे. मग ते कुंड्या दुपारीच अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवायला लागले आणि झाडं भर उन्हाळ्यात फुलली. पुढे १९३०च्या दशकात रशियात मिखाईल चैलाख्यानने शेवंतीच्या रोपाचे दोन भाग केले. वरच्या भागाची पानं काढून टाकली, खालची ठेवली. शेंड्याला लांब दिवस दिला आणि खालच्या पानांना लांब रात्र. शेंडा उजेडात असूनही फुलला. उलट करून पाहिलं, म्हणजे शेंडा अंधारात आणि पानं उजेडात, तर फूल आलं नाही. तेव्हा तो म्हणाला की पानांतून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो, आणि त्या न दिसणाऱ्या निरोपाला त्याने 'फ्लोरिजेन' असं नाव दिलं. तो निरोप म्हणजे एक प्रथिन आहे हे पक्कं व्हायला २००७ साल उजाडलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. जे हाताला लागत नव्हतं त्याच्यावर त्याने इतका विश्वास ठेवला, आणि तोही एका साध्या फुलझाडाच्या भरवशावर.

याच्याही पुढची गोष्ट मला जास्त हलवून गेली. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी शेवंतीच्या एका रानटी जातीत उलटा निरोपही शोधला. रात्रीच्या नेमक्या वेळी पानावर उजेड पडला तर पान एक वेगळं प्रथिन तयार करतं आणि ते शेंड्याला सांगतं, आत्ता फुलू नकोस. म्हणजे आईची फाटकाकडची रोपं कळी धरायला विसरली नव्हती. त्यांना रोज रात्री कुणीतरी 'थांब' म्हणत होतं. आणि ती थांबली होती, वाढत होती, पानावर पान काढत होती, आज ना उद्या रात्र मोठी होईल म्हणून.

अंधार सलग लागतो, हीच यातली मेख. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला तरी तिच्या हिशेबी ती रात्र तुटते, एका मोठ्या रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात. हे १९३८ मध्ये ज्या झाडावर आधी दिसलं ते शेवंतीच्याच कुळातलं, आपल्या बांधावर माजणारं शंकेश्वर, ज्याची काटेरी बोंडं लहानपणी आमच्या परकरांना चिकटून घरापर्यंत यायची. या सूर्यफूल कुळाची आपल्याकडे केवढी वस्ती आहे. भाद्रपदात सह्याद्रीचे उतार पिवळे करणारी सोनकी त्यातलीच, दसऱ्याचा झेंडूही त्यातलाच. पण सोनकी आणि झेंडू एका हंगामाचे पाहुणे. शेवंती मूळ धरून राहणारी. फुलं संपली की वरचा भाग वाळतो, आई विळ्याने तो जमिनीलगत कापते, आणि माघ-फाल्गुनात बुडाशी चहूबाजूंनी कोवळ्या काश्या वर येतात. त्याच काढून नव्याने लावायच्या. आईकडची शेवंती तिच्या सासूने माहेरून आणलेली. म्हणजे रोप दरवर्षी नवं, पण झाड तेच. माझ्या आजीने ज्या झाडाची फुलं केसांत माळली त्याच झाडाची फुलं माझी मुलगी माळते, यात अलंकार काही नाही. ते खरोखर तेच झाड आहे, बुडातून बुडात चालत आलेलं.

आजीच्या आठवणीत मला तिचा चेहरा दिसायच्या आधी शेवंतीचा वास येतो. मोगऱ्यासारखा तो पुढे येऊन भेटत नाही. फूल बोटांत चुरगाळावं लागतं, मग तो निघतो: कडसर, थोडा कापरासारखा, मागे ओल्या मातीची धार. पानांना तर फुलांपेक्षा जास्त. आजी वेणी करताना फुलांबरोबर मुद्दाम दोन-तीन पानं गुंफायची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडला की त्याच्याभोवती ही पिवळी रास असायची, आणि पोथी चालू असताना मी त्यातलं एक फूल हळूच ओढून घेऊन सोलत बसायची. तुम्हीही कधीतरी शेवंतीचं फूल सोलून बघा. पाकळी म्हणून जे उपटता ते एक अख्खं फूल असतं. तळाशी बारीक पांढरट नळी, आणि नळीच्या तोंडातून डोकावणारा दोन टोकांत फाटलेला इवलासा धागा. मध्यभागी जी पिवळी गादी दिसते तिच्यात तर शेकड्याने फुलं दाटलेली असतात, प्रत्येक पाच टोकांची, कडेची आधी उमललेली आणि मधली अजून मिटलेली. नखाने एकेक वेगळं करत गेलं की हाताला पिवळा चिकट डाग पडतो आणि तो दोन दिवस जात नाही. आजी डाग बघून ओळखायची की देवाचं फूल कुणी पळवलं. रागवायची नाही. म्हणायची, "मोजलीस का किती निघाली?" मी कधीच शेवटपर्यंत मोजू शकले नाही.

हे सगळं मनात असताना सोपा उपाय हाच होता की त्या दिव्याविरुद्ध बोलावं. पण तो दिवा का आला हे मला ठाऊक आहे. आमचा भाग जुन्नर तालुक्यातला, उसाचा. उसात बिबट्या राहतो. उसातच त्याची पिल्लं होतात, वाढतात, त्यांना जंगल म्हणजे ऊसच. जखमी झालेल्या, विहिरीत पडलेल्या, पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, आणि ते रिकामं नसतं. संध्याकाळी क्लासहून येणाऱ्या मुली आमच्या फाटकासमोरून जातात. आमच्या शेजारच्या घरातलं वासरू ओट्यावरून गेलं तेव्हा सगळी आळी रात्रभर जागी होती. शेतीला वीज रात्रीची असते त्या आठवड्यात बापे पाणी धरायला बॅटरी आणि काठी घेऊन निघतात, आणि बायका ते परत येईपर्यंत डोळ्याला डोळा लावत नाहीत. त्या खांबावर दिवा बसला त्या दिवशी आईने त्याला हळदीकुंकू लावलं होतं. तिने स्वतः मला हे सांगितलं, त्याच शेवंतीजवळ उभं राहून. "दिवा हवाच गं," ती म्हणाली, "पण ह्यांचं काय?"

ह्यांचं काय. हा प्रश्न घेऊन मी पुण्याला परतले. आमच्या सोसायटीत रात्री बाराला खाली उतरलं तर वर्तमानपत्र वाचता येतं. पार्किंगच्या भिंतीवर दिवे, गेटवर दिवे, बागेतल्या झाडांच्या बुंध्याशी वर तोंड करून लावलेले दिवे, जे फक्त शोभेचे आहेत. आईच्या फाटकासमोरचा दिवा आणि हे बुंध्याखालचे दिवे एकाच हिशेबात धरणं मला पटत नाही. एक भीतीपोटी लावलेला आहे, खऱ्या भीतीपोटी. दुसरा कुणाच्याही गरजेचा नाही. अंधार म्हटला की आपण त्याला घालवायच्या गोष्टींतच धरतो. आपल्या प्रार्थना तशा आहेत, दिवाळीच तशी आहे, आणि ज्या घरांत वीज यायला पिढ्या गेल्या त्यांना यावरून कुणी काही शिकवू नये. पण आपल्याच देव्हाऱ्यातलं फूल घडायला सलग, मोडता न घातलेला अंधार लागतो, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच अंगणात मावली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, आणि ती मावू शकतात. दिव्याला एका बाजूने पत्र्याची झापड लावली तर उजेड रस्त्यावर तेवढाच पडतो. आईने ग्रामसभेत हे सांगितलं. कुणी हसलं नाही. शेजारच्या एका बाईंनी तर सांगितलं की त्यांचीही कुंडीतली शेवंती यंदा पोसलीय पण फुलली नाही, आणि त्यांना वाटलं होतं खतच जास्त झालं.

याच प्रश्नाची दुसरी बाजू माझ्या चुलतभावाच्या, दादाच्या रानात आहे. दादा फुलशेती करतो. झेंडू, अ‍ॅस्टर आणि एक एकर शेवंती. पूर्वी सगळ्यांची शेवंती एकदमच फुलायची, एकदमच गुलटेकडीला आणि कल्याणला जायची, आणि भाव असा पडायचा की तोडणीची मजुरी अंगावर यायची. फुलांनी भरलेली वाफ्यावरची शेवंती तशीच नांगरून टाकलेली मी पाहिली आहे. तेव्हा दादाची बायको बांधावर बसून होती, पदराआड तोंड करून. काही वर्षांपूर्वी दादा काही शेतकऱ्यांबरोबर कर्नाटकात चिक्कबळ्ळापूरकडे जाऊन आला. तिकडे रात्री शेवंतीच्या रानावर बल्बांच्या माळा लागलेल्या असतात, लांबून पाहिलं तर एखाद्या यात्रेसारखं रान उजळलेलं. परत आल्यावर त्यानेही अर्ध्या रानावर खांब रोवले, तारा ओढल्या आणि बल्ब टांगले. रात्री दहा ते दोन दिवे. जे आईच्या ओळीला आपोआप झालं तेच तो ठरवून करतो. उजेड आहे तोवर रोप पानं काढतं, काडी वाढवतं, फुलत नाही. त्याला हवं तेव्हा तो दिवे बंद करतो आणि तिथून रोपाची खरी रात्र सुरू होते.

जपानमध्ये हे फार आधीपासून चालतं. आयची प्रांतातल्या अत्सुमी द्वीपकल्पावर शेवंतीची काचघरं रात्री उजळलेली असतात आणि ओकिनावात उघड्या रानांवर दिवे लावतात. तिथे शेवंती राजघराण्याची खूण आहे, सोळा पाकळ्यांची. पण देवापुढे आणि कबरींवर वर्षभर लागणारी साधी शेवंती या दिव्यांमुळेच मिळते. उन्हाळ्यात उलटं करावं लागतं: संध्याकाळी पाच वाजताच काळं कापड ओढून रोपांना रात्र करून द्यायची आणि सकाळी आठला काढायची. आपल्याकडेही पॉलिहाऊसमध्ये लांब दांड्याची शेवंती घेणारे हे करतात. काळं कापड ओढायला उशीर झाला किंवा कुठे फाटकं राहिलं, तर तेवढ्या जागेतली रोपं मागे राहतात. एक भोक, आणि त्याखालची रोपं वेगळी.

मी एकदा दादाबरोबर रात्री त्या रानात उभी राहिले. वरून पिवळा उजेड, खाली कंबरेएवढी हिरवीगार शेवंती, चारी बाजूंनी काळा ऊस. पाकोळ्या बल्बवर आपटत होत्या आणि पानांवर पडत होत्या. मला ते सुंदर वाटलं आणि त्याच वेळी छातीत काहीतरी दाटून आलं. एवढ्या झाडांना आपण झोपू देत नाही आहोत असं वाटून गेलं. दादाला मी तसं म्हटलं. तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, आपणबी झोपत न्हाई की. मी रात्री पाणी धरतो, तुझी वहिनी पहाटे तीनला तोडायला लागती, फुलं सहाच्या आत गाडीत जावी लागत्यात. ह्यांच्यासंगं जागतो म्हनून तर ही आपल्याला सांभाळत्यात." त्याच्यापुढे माझ्या दुःखाला फारसं वजन राहिलं नाही. पण ते गेलंही नाही. आजीची शेवंती रात्र स्वतः मोजायची, दादाची शेवंती दादा मोजून देतो तेवढी रात्र घेते. दोन्ही एकाच जातीच्या. दादाच्या शेवंतीवर दोन पोरांची शिक्षणं चालली आहेत, आणि ज्याचं घर भावावर चालतं त्याला 'निसर्गावर सोड' म्हणायचा अधिकार मला नाही. एवढंच वाटतं की जिथे भाव, भीती, पोट यातलं काहीच आड येत नाही तिथे तरी रात्र रात्रीला परत द्यावी. बुंध्याखालचे शोभेचे दिवे बंद करावेत म्हणून मी सोसायटीत अर्ज दिला आहे. त्यावर सह्या मिळत आहेत, हळूहळू.

माझ्या भाचीचं लग्न माघात ठरलं आहे. दादाला फोन केला तर त्याने अभिनंदन करायच्या आधी तारीख विचारली. मांडवाला आणि हारांना बाहेरचं एक फूल आणायचं नाही, असं त्याने परस्पर ठरवूनच टाकलं. त्याच्या वाणाला दिवे बंद केल्यापासून फूल तोडणीला यायला नऊ आठवडे लागतात. फोनवरच त्याने कॅलेंडरची पानं मागे उलटल्याचा आवाज आला. "थंडी आसंल, एक आठवडा वर धरतो," तो म्हणाला. मग वहिनीला हाक मारून डिसेंबरातल्या तारखेवर गोल करायला सांगितला, विहिरीकडच्या चार वाफ्यांचे दिवे त्या रात्रीपासून लावायचे नाहीत म्हणून, आणि मला विचारलं, नवरीच्या वेणीला पिवळी हवी की पांढरी.